मेस्सीची जर्सी आणि आमची ओपन स्पेस

आधी एक खुलासा. मी नागापूरचा आहे, नागपूरचा नाही. 'नागापूर' टाइप केलं की फोन मधला काना खाऊन टाकतो आणि समोरचा विचारतो, "अरे, तू विदर्भातला?" नगरहून मनमाड रस्त्याला लागलात की सीना नदीच्या पुलाजवळ आमचं नागापूर येतं. शेजारी बोल्हेगाव, आणि लागूनच एमआयडीसी. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण टपरीवर अजून सगळे नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. आयटीआय करून मी इथल्याच एका कारखान्यात सीएनसी मशीनवर लागलो. पाळ्या बदलत राहतात, आठवड्याला एक सुट्टी.

मागच्या सुट्टीला टपरीवर आम्ही नऊ जण होतो. त्यातल्या पाच जणांच्या अंगात फुटबॉलच्या जर्सी. दोन मेस्सी, दोन रोनाल्डो, एक एम्बापे. वर्ल्डकपचा विषय निघाला आणि एक मित्र म्हणाला, "फुटबॉल लय वाढलाय राव. दहा वर्षांत क्रिकेटला खाऊन टाकतो की नाही बघ." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "जर्सीवाल्यांपैकी या वर्षी चेंडूला पाय कुणी लावलाय?" दोन हात वर आले. त्यातला एक माझा.

मी फुटबॉलवेडा आहे. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून स्कोअर बघणारा. तरी मला हे 'फुटबॉल वाढतोय' प्रकरण आता सहन होत नाही. कारण वाढलंय ते फुटबॉल बघणं. जर्सी वाढल्या, रील वाढले, फोनवरचे फुटबॉलचे गेम वाढले, पहाटे चारला स्टेटस टाकणारे वाढले. खेळणारी पोरं मात्र मी शाळेत होतो तेव्हापेक्षा कमी दिसतात. आणि वाढतोय वाढतोय म्हणत राहिल्यामुळे ती कमी का झाली, हे कुणी विचारतच नाही.

मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे २०१७. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप भारतात झाला आणि त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारनं राज्यभर फुटबॉलचा दिवस साजरा केला. एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं, अशी घोषणा होती. शाळाशाळांत चेंडू पोचले. आमच्याही शाळेत आले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकट्या त्या शाळेची असेल असं मला वाटत नाही. आम्हाला ओळीत उभं केलं, नवे कोरे चेंडू हातात दिले, फोटो काढले. (हातात! पायाशी ठेवायला कुणी सांगितलं नाही.) अर्धा तास धुळीत गोंधळ घातला, मग चेंडू मोजून परत घेतले आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "फोडाल," असं सर म्हणाले. दहावी होईपर्यंत ते चेंडू मी दोनदा पाहिले, दोन्ही वेळा कपाट उघडं राहिलं होतं म्हणून.

तीन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, दिल्लीत भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. आपण ३-० हरलो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या संघात होता, म्हणून घरच्यांनीही टीव्हीसमोर बसू दिलं. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता. अमेरिकेत तर फुटबॉल कुणी खेळत नाही म्हणतात, मग हे आपल्याला हरवतात कसे?

हा प्रश्न पुढे बरीच वर्षं डोक्यात राहिला. अमेरिका हा आपल्यासारखाच देश आहे, निदान या बाबतीत. तिथे दुसऱ्या खेळांनी जागा अडवून ठेवलेली. हातात धरून पळायच्या चेंडूला ते 'फुटबॉल' म्हणतात आणि खऱ्या फुटबॉलला 'सॉकर'. त्याखेरीज बेसबॉल, बास्केटबॉल. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबात गेला. १९७७ मध्ये एकेका सामन्याला सत्तर हजारांवर माणसं यायला लागली. आता सॉकर बेसबॉलला खाणार, असं तेव्हाही तिकडच्या टपऱ्यांवर बोलत असणार. १९८४ चा हंगाम संपला आणि ती सगळी लीगच बंद पडली. तारे म्हातारे झाले, गर्दी घरी गेली.

हाच पेले १९७७ च्या सप्टेंबरात कॉसमॉसबरोबर कोलकात्यालाही आला होता. मोहन बागानशी सामना २-२ बरोबरीत सुटला. सामना झाला कुठे? ईडन गार्डन्सवर. क्रिकेटच्या मैदानात. अठ्ठेचाळीस वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी आला तेव्हा मुंबईत त्याला कुठे नेलं? वानखेडेवर. सचिननं त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली, आम्ही सगळ्यांनी ती क्लिप दहादा पाहिली. आदल्या दिवशी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्यांना पुढाऱ्यांच्या आणि सेल्फीवाल्यांच्या घोळक्यामुळे मेस्सी धड दिसला नाही, तर त्यांनी खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या. मोडतोडीचं समर्थन नाही करत. पण तिथे सामना नव्हताच. फुटबॉलच्या नावानं जमलेली ती गर्दी एका माणसाला हात हलवताना बघायला आली होती.

अमेरिकेकडे परत येतो. तिथे खेळ खरोखर रुजला तो पेलेच्या गर्दीतून नाही, निदान मला तसं दिसतं. १९७२ मध्ये त्यांनी कायदा केला, 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. कायद्यात खेळाचं नावही नव्हतं, पण मुलींचे संघ उभे करणं भाग पडलं आणि सॉकरचे संघ झपाट्यानं उभे राहिले. १९९१ चा महिलांचा पहिला वर्ल्डकप अमेरिकेनं जिंकला, नंतर १९९९, २०१५ आणि २०१९ चाही. पुरुषांचा १९९४ चा वर्ल्डकप तिथे झाला, पस्तीस लाखांवर प्रेक्षक आले. १९९६ मध्ये नवी लीग दहा संघांनी सुरू झाली, आज तीस संघ आहेत. २०२३ मध्ये मेस्सी मायामीला गेला. आणि तरीही त्याच वर्षाच्या शेवटी गॅलपनं अमेरिकन लोकांना विचारलं, बघायला सगळ्यात आवडता खेळ कुठला, तर ४१ टक्के त्यांच्या फुटबॉलला, १० बेसबॉलला, ९ बास्केटबॉलला आणि सॉकरला ५. सहा वर्षांपूर्वी याच पाहणीत सॉकरला ७ होते.

टपरीवर हे सांगितलं तर मित्र म्हणाला, "म्हणजे तिथंही फ्लॉप." तसं नाही रे बाबा. बघण्यात मागे, तरी शाळेत, कॉलेजात, उपनगरातल्या मैदानांवर लाखो पोरंपोरी खेळतात. आपलं बरोबर उलटं आहे.

पण त्यांचीही एक गोची आहे, आणि तीच आता नागापुरात येऊन ठेपलीय. अमेरिकेत चांगल्या प्रशिक्षणासाठी आईबापांना क्लबला वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. जगभर झोपडपट्टीत, गल्लीत, चिंध्यांच्या चेंडूनं खेळला जाणारा हा खेळ तिथे बऱ्यापैकी पैसेवाल्यांच्या पोरांचा झाला. मेक्सिकोहून आलेल्या मजुराचं पोरगं, ज्याच्या रक्तातच हा खेळ, ते फीपाशी अडतं. आपल्याला ३-० हरवल्यावर चारच दिवसांनी, १० ऑक्टोबर २०१७ ला, अमेरिकेचा मोठा संघ त्रिनिदाद-टोबॅगोसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला आणि २०१८ च्या वर्ल्डकपला मुकला. तेव्हा तिथेही लोक खवळून हेच बोलले, की पैसे भरून खेळायच्या पद्धतीनं आपली अर्धी पोरं कुंपणाबाहेर ठेवली.

कुंपण. आता टर्फची गोष्ट सांगतो.

आमच्या भागात टर्फ झालं तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचलो होतो. हिरवंगार, लाइटवालं, चारी बाजूंनी उंच जाळी. बोर्डावर फुटबॉलचं चित्र. तासाला हजार रुपये. दहा जणांत वाटले तर शंभर. पहिल्या महिन्यात कळलं की संध्याकाळी सात ते अकरा सगळे स्लॉट बॉक्स क्रिकेटवाल्यांनी घेतलेले असतात. आम्हाला दुपारी दोनचं ऊन किंवा रात्री बाराची वेळ. बोर्डावरच्या फुटबॉलवाल्याचा पाय तसाच हवेत.

तरी आम्ही जायचो. जाळीबाहेर एक पोरगा उभा असायचा. तेरा-चौदा वर्षांचा, बाप एका कंपनीत ठेकेदाराकडे माल चढवतो-उतरवतो, कुटुंब बिहारहून आलेलं. पोरगा मराठी शाळेत जातो, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. चेंडू जाळीवरून बाहेर गेला की तो पळत जाऊन आणायचा आणि परत देताना हातानं फेकायचा नाही. डाव्या पायानं असा उचलून मारायचा की चेंडू जाळीवरून आत, नेमका गोलकीपरच्या पुढ्यात. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, चुकून झालं. मग आम्ही मुद्दाम चेंडू बाहेर मारायला लागलो.

एका रविवारी आम्ही नऊच जण होतो. मी त्याला हाक मारली, "ये आत." तो आला, चप्पल काढली आणि अनवाणी उभा राहिला. एवढ्यात तिथला माणूस आला. "बूट नाही तर टर्फवर नाही. नियम आहे." कुणीतरी म्हणालं, खेळू द्या हो. तो म्हणाला, "पाय फुटला तर कोण भरणार? आणि दहावा माणूस आहे, त्याचे शंभर धरलेत ना?" नियम त्यानं केलेला नाही, हे मलाही कळतं. पण घड्याळ चालू होतं, हजार रुपये भरलेले होते. मी पोराला म्हणालो, "पुढच्या वेळी बघू." तो परत जाळीबाहेर जाऊन उभा राहिला आणि उरलेला पाऊण तास आम्हाला चेंडू आणून देत होता.

त्या दिवसापासून मी टर्फवर गेलेलो नाही. फार मोठं काही केलं असं नाही, शंभर रुपये वाचले. पण तेव्हापासून कुणी 'बघ, टर्फ किती वाढलेत, फुटबॉल वाढतोय' म्हणालं की डोकं फिरतं. या खेळाला एक चेंडू आणि मोकळी जागा लागते. बॅट नको, पॅड नको, नेट नको. नागपूरला (हो, आता खरोखरचं नागपूर) २००१ मध्ये विजय बारसे सरांनी वस्तीतली पोरं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. नागराज मंजुळेंनी त्यावरच २०२२ मध्ये 'झुंड' केला, तोच नागराज जो आमच्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकून गेला. त्या सिनेमातही मधे भिंत आहे. भिंतीच्या या बाजूला कॉलेजचं मैदान, त्या बाजूला झोपडपट्टी. आम्ही थिएटरात शिट्ट्या मारल्या आणि बाहेर येऊन तासाला हजार रुपयांची जाळी बुक केली.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. आमचे काका लोक. त्यांचं म्हणणं, ही परदेशी थेरं, आपला खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी, खो-खो. २०२५ च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा मीही गेलो होतो, पृथ्वीराज मोहोळनं गदा घेतली तेव्हा ओरडलोही. पण तिथून परतल्यावर किती काकांनी आपलं पोरगं तालमीत घातलं? हीच मंडळी गावोगावच्या 'अमुक चषक' टेनिस बॉल क्रिकेटला बक्षिसं देतात. मंडप, डीजे, यूट्यूबवर लाइव्ह, पहिल्या नंबरला मोटारसायकल. क्रिकेट साहेबाचं नव्हतं का?

आणि आपला खेळ विरुद्ध परका खेळ हे भांडण किती पोकळ आहे ते बघायचं तर कोल्हापूरला जा. तिथल्या फुटबॉल संघांची नावं वाचा. पाटाकडील तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. दिलबहार तालीम. बालगोपाल तालीम. शिवाजी तरुण मंडळ. ज्या तालमींनी पैलवान घडवले, गणपती बसवले, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उतरवले. शाहू स्टेडियमवर हंगाम चालतो तेव्हा माणसं आपल्या पेठेसाठी ओरडतात. हुल्लडबाजी होते, कधी कधी हाणामाऱ्याही होतात, ते काही गोंडस चित्र नाही. पण तिथल्या पोराला खेळाडू बघायला फोन उघडावा लागत नाही, तो त्याच्याच बोळात राहतो. अनिकेत जाधव वर्ल्डकपला गेला त्यामागे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी आहेच, पण त्याआधी हे गाव आहे. तिथे फुटबॉल 'वाढतोय' असं कुणी म्हणत नाही. तो आहे.

याउलट पुण्याचं बघा, आमच्यापासून तीन तासांवर. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, पुण्याला क्लब मिळाला, फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता ट्रेझेगे बालेवाडीत खेळला. २०१९ मध्ये क्लब बंद. त्याचा हंगाम हैदराबादला गेला. पुण्यात कुणाची पेठ रिकामी झाली? कुणाचीच नाही, कारण तो क्लब कुठल्या पेठेचा नव्हताच. जुलै २०२५ मध्ये अख्खी लीगच करारांच्या घोळात लटकली, तेव्हा माझ्या जर्सीवाल्या मित्रांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. मँचेस्टरच्या कोचला काढलं ते मात्र पाच मिनिटांत कळलं.

क्रिकेटला मी शिव्या देणार नाही. श्रीरामपूरचा झहीर खान, संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे, दोघेही आमच्याच जिल्ह्यात जन्मले. क्रिकेटनं पायऱ्या बांधल्या, त्याचं फळ त्याला मिळतंय. मुलींचंच घ्या. २०२२ मध्ये महिलांची मॅच फी पुरुषांएवढी केली, २०२३ मध्ये त्यांची लीग सुरू केली आणि २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर पोरींनी वर्ल्डकप उचलला. त्याच्या चार महिने आधी, ५ जुलैला, भारताच्या फुटबॉलच्या मुली थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया कपसाठी पात्र ठरल्या होत्या. पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच. टपरीवर विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होतं. तिला खेळायचंय, आणि रात्री बाराच्या स्लॉटला तिला घेऊन जा असं मी आईला सांगू शकत नाही.

मग माझं म्हणणं काय? मला भांडण क्रिकेटशी नाही, प्लॉटशी करायचंय. आपल्याकडे मोठा लेआउट मंजूर होतो तेव्हा दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. 'ओपन स्पेस' म्हणतात तिला. नकाशावर ती असते. तुम्ही ज्या कॉलनीत बसून हे वाचताय तिथेही बहुधा आहे, फक्त तुम्ही तिला दुसऱ्या नावानं ओळखत असाल. सभामंडप, कुलूपबंद बाग, गंजलेली ओपन जिम, कुणाच्या तरी वाळू-विटा ठेवायची जागा. क्युरासाओ नावाचं बेट या वर्ल्डकपला पात्र ठरलंय, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नगर शहराची साडेतीन लाख होती. त्यांच्यामागे नेदरलँड्सचा फुटबॉल आहे, हे मान्य. पण आपल्यामागे काय आहे, हे विचारायचं की नाही?

आमच्याजवळच्या एका लेआउटमध्ये अशी एक जागा आहे. बाभळी आणि काचा काढायला आम्हाला तीन रविवार लागले. सिमेंटचे दोन-दोन पाइप उभे करून गोल केलेत. तो पोरगा तिथे अनवाणी खेळतो, माझी बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी सकाळी येतात. टपरीवरचा एम्बापेही एकदा आला, दहा मिनिटांत दम लागून बसला, पण पुढच्या रविवारी परत आला. जागा खेळासाठी ठेवावी म्हणून आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, चाळीस सह्यांचा. उत्तर मिळालं की तिथे सुशोभीकरण मंजूर आहे. पेव्हर ब्लॉक, बाकडी, कडेनं झाडं आणि एक सेल्फी पॉइंट. आम्ही पुन्हा अर्ज केलाय, या वेळी लेआउटच्या नकाशाची प्रत जोडून. तारीख पडलीय वर्ल्डकपच्या मधल्या आठवड्यातली.

मागच्या रविवारी खेळ संपल्यावर पोरानं विचारलं, "दादा, पेव्हर ब्लॉकवर चेंडू नीट पळतो का?"

"पळतो," मी म्हटलं, "पण पडलास तर गुडघे फुटतील."

तो जरा वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग चेंडू घेऊन पुन्हा पाइपांकडे गेला. अंधार पडायला अजून वीस मिनिटं होती.